काटा थंड, इंजिन तापलेलं

फेब्रुवारीतल्या त्या रात्री अण्णांची बोट दुसऱ्या बोटीच्या दोराला बांधून मालवणजवळच्या सर्जेकोटला आली, तेव्हा मी कुडाळात गाढ झोपलो होतो. सकाळी सहाला फोन वाजला. "इंजान गेला," एवढंच बोलून त्यांनी ठेवून दिला.

अण्णा म्हणजे माझे मोठे काका. बोट त्यांची, पण घरातल्या सगळ्यांचाच तिच्यात जीव आणि थोडाथोडा पैसा अडकलेला. मी मासेमारीत नाही. आयटीआय केलेला वायरमन आहे. घरांचं वायरिंग, इन्व्हर्टर, विहिरीवरच्या पंपांचे स्टार्टर हे माझं काम. इंजिन उघडलं की त्यातलं मला अर्धंच कळतं. पण त्या दिवशी मालवणात पोचलो आणि मिस्त्रीने मला जे दाखवलं, ते इंजिनाचं कमी आणि माझ्या धंद्यातलं जास्त होतं.

बोटीत चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आहे, मूळचं गाडीचं, बोटीसाठी बदलून घेतलेलं. त्यात पाण्याच्या दोन वाटा असतात. आतलं गोडं पाणी (कूलंट) इंजिनातून फिरतं. बाहेरचं खारं पाणी तळाच्या कॉकमधून (तोटीतून) येतं, रबरी इंपेलरच्या (पात्यांच्या चाकाच्या) पंपातून पुढे कूलरमध्ये जातं, तिथे गोड्या पाण्याची उष्णता घेतं आणि बोटीच्या कुशीतल्या पाइपातून परत समुद्रात पडतं. त्या रात्री तळाच्या जाळीवर प्लास्टिकचा कागद चिकटला. खारं पाणी बंद. इंपेलरला थंड ठेवायला तेच पाणी लागतं; कोरडा फिरला की मिनिटाभरातसुद्धा त्याचं रबर जळायला लागतं. पाती तुटली आणि पाण्याबरोबर जे काही उरलं होतं ते कूलरच्या तोंडाशी जाऊन बसलं. मिस्त्रीने कूलरचं झाकण काढलं तर बारीक नळ्यांच्या तोंडावर तीन काळी पाती आडवी पडलेली, जशी मोरीच्या जाळीवर कोथिंबिरीची देठं.

मग कूलंट उकळलं, टोपणातून वाफ होऊन गेलं, हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण वाकलं, त्याखालचं गॅस्केट फुटलं. हे सगळं व्हायला मिनिटं लागली असतील. त्या वेळात केबिनमधला तापमानाचा काटा कुठे होता?

डावीकडे. एकदम थंड.

मिस्त्रीने मला तेच दाखवायला बोलावलं होतं. इंजिनावरच्या तापमानाच्या युनिटची तार गंजून तुटली होती, आणि तुटलेलं टोक जुनं, हिरवं पडलेलं होतं. म्हणजे महिनाभर तरी हा काटा मेलेला होता. हे युनिट गरम झालं की त्याचा रोध कमी होतो, करंट वाढतो, काटा उजवीकडे जातो. तार तुटली की करंट शून्य, काटा डावीकडे. मीटरच्या भाषेत तुटलेली तार आणि थंड इंजिन यांत काही फरक नाही. इंजिन थंड दिसतंय म्हणून कोणी तक्रार करत नाही.

मी अण्णांना विचारलं, महिनाभर काटा हलला नाही, कोणाला कळलं कसं नाही?

"काट्याकडे कोण बघता रे? मी फुडे बघू काय काटो बघू?"

त्यांचं खरं आहे. रात्री जाळं ओढताना, आजूबाजूला दहा बोटींचे दिवे असताना, बोटाएवढ्या गोल काचेकडे कोण बघणार? आमच्याकडे तपासायची पद्धत वेगळी. खलाशी कडेवरून वाकतो आणि बघतो, कुशीतून पाणी पडतंय का. तांडेल, म्हणजे खलाशांचा म्होरक्या, ओरडतो, "पाणी पडता मां?" खालून "पडता!" असं आलं की झालं. दिवसा हे ठीक. अंधारात आणि लाटेत "पडता" हे उत्तर सवयीनेच येतं.

हेडचं फेसिंग (घासून सपाट करणं), गॅस्केट, इंपेलर, मजुरी मिळून तेवीस हजार गेले आणि नऊ दिवस बोट उभी राहिली. बांगडा लागलेला असताना. त्या नऊ दिवसांचा हिशेब अण्णांनी कोणाला सांगितला नाही, मीही विचारला नाही.

बोटींसाठी तयार अलार्म मिळतात. नव्या इंजिनांना कंपनीकडूनच लावून येतात. किंमत विचारल्यावर अण्णांनी हात झटकला. मग मी म्हटलं, मी करतो. वायरमनच्या डोळ्यांना हे काम फार सोपं दिसतं: गरम झालं की जुळणारा एक स्विच आणि एक भोंगा. सोपं दिसलं, इथेच मी फसलो.

मार्चमध्ये पुण्याला एका लग्नाला गेलो होतो. दुसऱ्या दिवशी बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपासच्या दुकानांत शिरलो. तिथून डब्ल्यू १२०९ नावाचं एक तयार कार्ड घेतलं. काडेपेटीहून थोडं मोठं, तीन आकडी लाल डिस्प्ले, त्यावरच एक रिले (विजेने जुळणारा स्विच) आणि वायरीच्या टोकाला इवलासा सेन्सर. लोक ते अंडी उबवायच्या पेट्यांना, फ्रीजला लावतात. बारा व्होल्टवर चालतं, ११० अंशांपर्यंत मोजतं. ते पडलं दीडशे रुपयांना. शिवाय दोन केएसडी ३०१. हे म्हणजे इस्त्रीत, गिझरमध्ये, पाण्याच्या मशीनमध्ये असते तसली चकती: आत दोन धातूंची पातळ थाळी, ठरलेल्या तापमानाला ती टक्कन उलटी होते आणि संपर्क जुळतो किंवा तुटतो. ना वीज लागत, ना डिस्प्ले. एक चाळीस रुपयांची. घेताना 'नॉर्मली ओपन' म्हणून सांगायचं, म्हणजे गरम झाल्यावर जुळणारी. दुकानदार सवयीने गरम झाल्यावर तुटणारी देतो, कारण गिझरला ती लागते. मला पहिल्यांदा तीच दिली होती. मीटर लावून बघितलं म्हणून कळलं.

घरी आल्यावर काकीच्या स्वयंपाकघरात तपासणी. समुद्रसपाटीला राहण्याचा एक फायदा असा की पाणी शंभरालाच उकळतं. टोपात पाणी उकळलं, सेन्सर सोडला. डिस्प्लेवर ९७ आणि ९८ च्या मधे कुठेतरी. कार्डात ही चूक दुरुस्त करायची सोय असते, पी४ नावाची. दोन अंश वाढवले. चकती प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याच टोपात धरली आणि साधा थर्मामीटर बाजूला. ९० लिहिलेली एक चकती ९३ ला वाजली, दुसरी ८८ ला. पाच अंश इकडेतिकडे हे त्यात धरलेलंच असतं. दोन्हींवर पेनाने खरा आकडा लिहून ठेवला. काकी दारातून बघत होती. "टोप घासून दी हां," एवढंच म्हणाली.

आता सेन्सर कुठे लावायचा? मी मोबाइलवर बरेच व्हिडिओ बघितले. बहुतेक परदेशातल्या शिडाच्या आणि हौशी बोटींचे. सगळे एकच सांगत होते: इंजिनाच्या पाण्यात सेन्सर घालण्यापेक्षा धुराच्या रबरी नळीला बाहेरून बांधा. खारं पाणी बंद पडलं की ती नळी काही सेकंदांत तापते, इंजिन तापायच्या कितीतरी आधी. त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. त्यांच्या बोटींत कूलरमधून आलेलं खारं पाणी धुरातच सोडतात. धूर आणि पाणी एकाच नळीतून मागे बाहेर पडतात. पाणी थांबलं की राहिला नुसता पेटलेला धूर.

आमच्या बोटीचं धुराडं कोरडं आहे. केबिनच्या मागून सरळ वर गेलेलं लोखंडी नळकांडं, त्याला काथ्याची दोरी गुंडाळलेली. पाणी वेगळ्या पाइपाने कुशीतून पडतं. मी विचार केला, धुराची नळी नाही तर पाण्याची नळी. इंजिन तापलं की बाहेर पडणारं पाणी तापेल. कुशीतल्या पाइपाला सेन्सर बांधला, वर टेप, त्यावर रबर. एप्रिलच्या शेवटी कोळंबच्या खाडीत बोट नांगरून चाचणी ठरली.

कॉक बंद करून इंजिन चालवायचं म्हणजे इंपेलरचा बळी. म्हणून मिस्त्रीकडून एक टाकाऊ इंपेलर घेऊन तो बसवला. नवा बाजूला काढून ठेवला. एवढं शहाणपण तरी होतं. इंजिन अर्ध्या रेसवर. पाइपाचं तापमान ४६. मी कॉक बंद केला आणि डिस्प्लेकडे बघत बसलो.

४५. ४४. ४२.

अण्णा केबिनमधून ओरडले, "काटो वर चाललो!" तार आता नवी होती, काटा खरं बोलत होता. मी डिस्प्लेकडे बघतोय: ४०. काटा नव्वदीकडे, माझा अलार्म सांगतोय इंजिन थंड होतंय. अण्णांनी इंजिन बंद केलं. खाडीत अचानक शांतता. पुलावरून एक एसटी गेली ती ऐकू आली.

दोन मिनिटं कोणी बोललं नाही. मग मलाच हसू आलं. पाणी थांबल्यावर पाइपात गरम होणार काय? पाइप रिकामा झाला आणि बाहेरच्या हवेने थंड पडला. मी तेवीस हजारांच्या काट्याचीच नक्कल बनवली होती: बिघाड झाला की 'सगळं थंड' सांगणारं यंत्र. तुटलेली तार थंड, रिकामा पाइप थंड. मेकॅनिक लोकांना माहीत असलेली तिसरी गोष्ट मिस्त्रीने त्या संध्याकाळी सांगितली: कूलंट गळून गेलं तर पाण्यात बुडवलेलं युनिटसुद्धा उघडं पडतं, आजूबाजूला वाफ आणि हवा, आणि तेही खरं तापमान दाखवत नाही. म्हणजे सेन्सर असा बसायला हवा की पाणी असो, नसो, फिरो, न फिरो, त्याला तापलेलं कळलंच पाहिजे. तो लोखंडाला चिकटून हवा. हेडच्या लोखंडाला.

१ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना बंदी. ते ६१ दिवस बोट वर ओढून, ताडपत्रीखाली. बाहेर कोसळणारा पाऊस आणि आत डिझेलचा वास, डोक्यावर टॉर्च बांधून मी बसलो होतो. आता घाई नव्हती.

हेडचे बोल्ट सोडायचे नाहीत, हे मिस्त्रीने दहा वेळा बजावलं. ते ठरलेल्या जोराने आवळलेले असतात; एक सैल केला की गॅस्केट गेलंच समजा. पण हेडलाच इंजिन उचलायचा हुक बसवलेला असतो, दोन बोल्टांवर. त्या हुकाला इंजिन एकदा बसल्यावर काही काम नसतं. त्याखाली अॅल्युमिनियमची तीन मिलिमीटरची पट्टी घातली. खालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून धातू उघडा केला, मधे प्रोसेसरला लावतात ती पांढरी पेस्ट. पट्टीच्या बाहेर आलेल्या भागावर दोन्ही गोष्टी बसल्या: कार्डाचा सेन्सर तांब्याच्या थिंबलमध्ये (तारेच्या टोकाला लावतात त्या टोपीत) पेस्ट भरून हलकेच दाबलेला, आणि शेजारी चकती दोन छोट्या स्क्रूंनी. थिंबलची कल्पना माझीच आणि त्याचा मला अजून अभिमान आहे. सेन्सरचा इवला गोळा नुसता टेपने चिकटवला की कंपनाने आठ दिवसांत सुटतो.

दोन्हीचं काम एकच, पण वाटा वेगळ्या. कार्डाच्या रिलेतून भोंग्याला एक वाट, चकतीतून सरळ दुसरी. कार्ड मेलं तरी चकती भोंगा वाजवणार. ही समांतर जोडणी बोटीवर चढायच्या आधीच डोक्यात होती, कारण कार्डाची एक खोड मला स्वयंपाकघरातच कळली होती. सेन्सरची तार तोडली तर डिस्प्लेवर 'एलएलएल' येतं. भोंगा वाजत नाही. म्हणजे पुन्हा तेच! डिस्प्ले बघणाराला कळेल, पण डिस्प्ले कोण बघणार? अण्णा पुढे बघणार.

भोंग्यावरून घरात वाद झाला. मी आणलेला छोटा बारा व्होल्टचा बझर टेबलावर कान फाडत होता. इंजिन चालू असताना केबिनमध्ये तो डासासारखा वाटला. मग ट्रकचा रिव्हर्सचा बझर. तो ऐकू येत होता, पण बंदरावर दिवसभर ट्रक मागे येतात, तो आवाज कानाला मुरलेला. शेवटी रिक्षाचा हॉर्न. हा मात्र ऐकू न येणं शक्यच नाही. अडचण एवढीच की हॉर्न हे कॉइलचं यंत्र, आतला संपर्क सेकंदाला शेकडो वेळा जुळतो-तुटतो आणि दर वेळी उलटा धक्का मारतो. हॉर्न वाजला की कार्डावरचे आकडे नाचायचे, एकदा कार्ड बंद पडून पुन्हा सुरू झालं. हॉर्नच्या दोन टोकांवर एक रुपयाचा १एन४००७ डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) उलटा जोडला, तेव्हा शांत झालं. हॉर्नला तीन-चार अँपियर लागतात, म्हणून पाच अँपियरचा फ्यूज, आणि वीज इंजिनाच्या चावीनंतरच्या तारेवरून घेतली, नाहीतर कार्ड रात्रंदिवस बॅटरी खात बसेल.

(सहा सिलिंडरच्या मोठ्या बोटींत चोवीस व्होल्ट असतात. तिथे हे बारावालं कार्ड सरळ जोडलं तर धूर येतो. मधे व्होल्टेज उतरवणारं दुसरं कार्ड लागतं.)

जोडांबद्दल एक सांगतो. घरातल्या वायरिंगची सवय असलेल्या माणसाने बोटीवर नुसती टेप गुंडाळू नये. खारी हवा तांब्याच्या बारीक तारांमधून आवरणाच्या आत चढत जाते. बाहेरून वायर नवी दिसते, सोललं की आत काळी. मी प्रत्येक जोड सोल्डर केला आणि त्यावर आतून डिंक असलेली, गरम केल्यावर आकसणारी नळी चढवली. चकतीच्या उघड्या टोकांवर सिलिकॉन भरलं. तिथेही पहिली चूक झालीच. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं स्वस्त सिलिकॉन उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास येतो. तो वास म्हणजे आम्लच. ते तांबं खातं. आठवड्याने हिरवी बुरशी धरलेली बघितली, सगळं खरवडून काढलं आणि वास न येणारं 'न्यूट्रल' लिहिलेलं आणून परत भरलं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोट पाण्यात. नारळी पौर्णिमा अजून व्हायची होती आणि अण्णा त्याआधी समुद्रात जायला राजी नव्हते, ते माझ्या पथ्यावर पडलं. दुसरी चाचणी. या वेळी इंपेलर कोरडा फिरवायचा नव्हता. मिस्त्रीने युक्ती सांगितली ती सोन्यासारखी: खाऱ्या पाण्याची आत येणारी नळी कॉकवरून काढून पाण्याने भरलेल्या मोठ्या बादलीत सोडायची आणि बाहेर जाणारी नळीही त्याच बादलीत. तेच पाणी फिरत राहतं, गरम होत जातं. पंप ओला, पण थंडावा संपलेला. कॉक आधी घट्ट बंद केला, हे सांगायला नको. तरी सांगतो, नाहीतर बोट भरेल.

अर्ध्या रेसवर बादलीतून वाफ दिसायला दहा मिनिटंही लागली नाहीत. त्याआधीचे आकडे मी पाटीवर लिहून घेत होतो. काटा ८०, माझी पट्टी ७३. काटा ८५, पट्टी ७८. बाहेरून चिकटवलेला सेन्सर आतल्यापेक्षा सहासात अंश कमीच दाखवतो, हवा त्याला थंड करते. हे फरकाचे आकडे महत्त्वाचे. मी घरी ठरवलेली ९५ ची मर्यादा तशीच ठेवली असती तर भोंगा वाजेपर्यंत आत १०२ झाले असते. कार्डावर ८६ ठेवलं. वाजणं आणि थांबणं यांत पी१ म्हणून जो अंशांचा फरक असतो तो पाचवर, नाहीतर सीमेवर हॉर्न पिक पिक करत राहतो. चकतीचं मी काही ठरवू शकत नव्हतो. ८८ ला वाजणारी बसवली होती.

पट्टी ८६ वर गेली आणि हॉर्न वाजला. पाठोपाठ चकतीचं टक. शेजारच्या बोटीवर जाळं शिवत बसलेले दोघं उठून उभे राहिले.

"बंद कर मेल्या तो भोंगो!" अण्णा कानांवर हात ठेवून ओरडत होते. इंजिन त्यांनी आधीच बंद केलं होतं, चावी मात्र तशीच. हॉर्न वाजतच राहिला. हेच हवं होतं.

या आकड्यांवर जाऊ नका. तुमच्या इंजिनाचा थर्मोस्टॅट कितीला उघडतो, भर ओढीत जाळं ओढताना पट्टी कितीपर्यंत जाते, हे दोन-चार फेऱ्या लिहून काढा, मग सात-आठ अंश वर ठेवा. आणि ज्या लहान इंजिनांत समुद्राचं पाणीच थेट ब्लॉकमधून फिरतं, ती मुळातच थंड चालवतात, साधारण साठीच्या आसपास, कारण त्यावर गेलं की आत क्षार बसायला लागतात. तिथे ८६ ला वाजणारा भोंगा म्हणजे मयताला डॉक्टर.

सप्टेंबर चांगला गेला. ऑक्टोबरमध्ये एका पहाटे, सर्जेकोटपासून दोन तासांवर, भोंगा वाजला. इंजिन बंद, जाळं पाण्यात, सगळे घाबरलेले. काटा ७९. पाणी पडतंय. हाताला हेड नेहमीसारखंच. दहा मिनिटांनी परत सुरू केलं, परत भोंगा. अण्णांनी फ्यूज उपटून फेकला आणि काम पुरं केलं. घरी आल्यावर मला सुनावलं: "दीडशे रुपयाच्या डबयेर इंजान सोडू मी? परत खोटो वाजलो तर समुद्रात फेकतलंय."

डिस्प्लेवर १०४ दिसत होतं. इंजिन बंद, थंड, रात्रभर उभं. मी सेन्सरच्या तारेचा मधला जोड शोधला. सेन्सरची मूळ तार मीटरभरच होती, ती मी वाढवली होती, आणि तो एकच जोड मी घाईत साध्या आकसत्या नळीने केला होता, डिंक नसलेल्या. आत खारं पाणी. खारं पाणी वीज थोडी नेतं. दोन तारांमध्ये चोरवाट झाली, रोध कमी भासला, आणि कमी रोध म्हणजे कार्डाच्या लेखी जास्त तापमान. तार तुटली तर थंड, तार भिजली तर गरम. निदान भिजल्यावर ओरडतं तरी, असं मी अण्णांना समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी ऐकून घेतलं नाही आणि बरोबरच केलं. खोटं ओरडणाऱ्या यंत्राचा फ्यूज माणूस एकदा काढतो तो परत घालत नाही. मी तो जोडच काढून टाकला, केबिनपर्यंत अखंड तार ओढली.

डिसेंबरात कार्ड मेलं. डिस्प्लेचा एक दांडा आधीच गेला होता, ८ चा ६ दिसायचा. डबा मी बंद केला होता, पण खाऱ्या हवेला तेवढं पुरत नाही. रिलेच्या पायांवर पांढरं-हिरवं पीठ. नवं कार्ड आणून त्यावर पारदर्शक लॅकरचे दोन हात दिले, बटणं सोडून. ते अजून चालतंय. पण त्या मधल्या पंधरा दिवसांत फक्त चाळीस रुपयांची चकती कामाला होती, आणि भोंगा खरा वाजला तो नेमका तेव्हाच.

मी बोटीवर नव्हतो, तांडेलाने सांगितलं ते लिहितो. रात्री परत येताना भोंगा वाजला. अण्णांचा हात आधी फ्यूजकडे गेला. मग ते थांबले, काट्याकडे बघितलं. नव्वदीच्या पुढे आणि चढता. "पाणी पडता मां?" खालून उत्तर: "पडता!" टॉर्च मारून बघितलं, खरंच भरपूर पडत होतं. खाऱ्या पाण्याला काही झालंच नव्हतं. तुटला होता तो बेल्ट, ज्यावर आतल्या गोड्या पाण्याचा पंप चालतो. डायनामोही त्याच बेल्टवर, म्हणजे चार्जिंगचा लाल दिवा लागायला हवा होता. त्याचा बल्ब कधीचा गेलेला. आतलं पाणी फिरत नव्हतं, कूलर थंडगार, हेड तापत होतं. कुशीतून पडणारं पाणी बघणारा खलाशी सकाळपर्यंत "पडता" म्हणत राहिला असता.

इंजिन बंद केलं, थंड होऊ दिलं, पेटीतला जादा बेल्ट टॉर्चच्या उजेडात चढवला. पाऊण तास गेला. बाकी काही नाही. मी दुसऱ्या दिवशी जाऊन आधी तो चार्जिंगचा बल्ब बदलला, मला स्वतःची लाज वाटली म्हणून. वायरमन असून दहा रुपयांचा बल्ब राहिला होता.

सगळा खर्च धरून सातशेच्या आसपास झाला, दुसऱ्या कार्डासकट. हॉर्न त्यात सर्वांत महाग. सर्जेकोटातल्या आणखी तिघांनी करून मागितलंय. त्यातल्या एकाची बोट धूर-पाणी एकत्र सोडणारी आहे, तिला मी आता व्हिडिओवाल्यांसारखा नळीलाच सेन्सर बांधणार, आणि तिथे मर्यादा बरीच खाली ठेवणार.

एक गोष्ट मात्र बाकी होती. भोंगा महिनोन्महिने वाजला नाही तर तो जिवंत आहे हे कळायचं कसं? कार्डाचं सोपं: बटण दाबून मर्यादा चाळीसवर आणायची, चालू इंजिनावर लगेच वाजतो, परत ८६ वर न्यायची. सेन्सरपासून हॉर्नपर्यंत सगळी साखळी तपासली जाते. चकतीसाठी तिच्याच दोन टोकांवर, इंजिनापाशी, एक छोटं दाबायचं बटण बसवलं. केबिनमध्ये बसवलं असतं तर नुसता हॉर्न तपासला गेला असता, तार नाही.

परवा संध्याकाळी जेटीवर उभा होतो. बोट सुटायच्या आधी अण्णांनी केबिनमधून खाली डोकावून सवयीने हाक दिली, "पाणी पडता मां?"

"पडता!"

"आणि भोंगो?"

खालून हॉर्न वाजला, एकदाच, आखूड. जेटीवरचा कुत्रा उठून पळाला.

"चला," अण्णा म्हणाले.